लहान कारखान्यांची कृष्णधवल शीट फिल्म आणि खान्देशचा उन्हाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला काकांच्या स्टुडिओत हाफ प्लेट या जुन्या मापाचा लाकडी कॅमेरा होता. आता तो माझ्याकडे आहे, जोडीला ४×५ इंचांच्या फिल्मचा एक कॅमेरा आहे आणि घराच्या मागच्या खोलीत डार्करूम आहे. जळगाव, धुळे, चाळीसगाव, नंदुरबारकडून लोक निगेटिव्ह घेऊन येतात आणि पिशवीतून काढता काढताच विचारतात, "ताई, फिल्मच खराब निघाली ना?" कधी ती खरंच खराब निघालेली असते, पण पुष्कळदा नसते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

लहान कारखाना म्हणजे नेमका कोणता?

अमेरिकेतली कोडॅक आणि इंग्लंडात मोबर्लीला इलफर्डची फिल्म बनवणारी हारमन, या दोघांना आपण मोठे धरू. त्यांच्यामागून चेक देशातल्या ह्रादेत्स क्रालोव्हेची फोमा. ती १९२१ पासूनची आहे, म्हणजे अनुभवाने अजिबात लहान नाही, पण आपल्याकडे परवडणारी शीट फिल्म (रोलऐवजी सुट्या पानांची) म्हटलं की बहुतेक तीच हाती येते. मग जर्मनीची अ‍ॅडॉक्स, फ्रान्सची बर्गर, चीनची शांघाय जीपी३. फ्रान्समध्येच फिल्म वॉशी नावाचा अगदी छोटा कारखाना आहे, तिथे जपानी हातकागदावरसुद्धा इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, चढवतात.

आणखी एक प्रकार आहे, तो ग्राहकाला सहसा माहीत नसतो. काही नावं स्वतः इमल्शन बनवतच नाहीत. दुसऱ्याचा मोठा रोल घ्यायचा, शीटच्या मापात कापायचा, आपल्या डब्यात भरायचा. रोलाय रेट्रो ८०एस ही बेल्जियमच्या अ‍ॅग्फा-गेव्हर्टच्या हवाई छायाचित्रणाच्या फिल्मपासून आलेली आहे. अशा वेळी कोटिंग (इमल्शन चढवणं) एकाचं, कापणी दुसऱ्याची, डबा तिसऱ्याचा. दोष कुठल्या टप्प्यावर शिरला हे आपल्यालाच ताडावं लागतं.

हे कारखाने टिकावेत असं मला मनापासून वाटतं. हंगेरीची फोर्टे २००७ मध्ये बंद पडली, एफके फिल्म बनवणारी क्रोएशियातली फोटोकेमिका २०१२ मध्ये. आपल्या उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही १९६० मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी. तिचा 'इंदू' छापाचा माल काकांच्या कपाटात नेहमी असायचा. तीही गेली. म्हणून दोष दिसला की "पुन्हा घेणार नाही" म्हणून डबा फेकून देऊ नका. तो नीट शोधा आणि कळवा.

मोठ्या कंपनीच्या मानाने यांच्या फिल्ममध्ये दोष जास्त का निघतात?

फिल्म म्हणजे जिलेटिनमध्ये मिसळलेले चांदीच्या क्षारांचे कण, आणि त्याचा केसापेक्षाही पातळ थर. हा थर पूर्ण अंधारात, धावत्या पट्टीवर, शेकडो मीटरभर सारखाच बसला पाहिजे. एक बुडबुडा, पट्टीवर चिकटलेला एक धुळीचा कण, कोटिंगच्या फटीत अडकलेली एक गुठळी, एवढं पुरे होतं. मशीन स्थिरावेपर्यंतचा माल मोठा कारखाना सरळ बाजूला काढतो, कारण त्याची एक खेप फार लांब असते. लहान कारखान्याची सगळी खेपच छोटी. सुरुवातीचं आणि शेवटचं किती टाकून द्यायचं हा त्याच्यासाठी पोटाचा प्रश्न असतो.

शीट फिल्मचं आणखी वेगळं दुखणं आहे. तिचा बेस, म्हणजे थराखालचं प्लास्टिक, रोल फिल्मपेक्षा जाड असतो, त्यामुळे तिचं कोटिंग वेगळं करावं लागतं, आणि मागणी मात्र थोडी. फोमाची शीट फिल्म ०.१७५ मिलिमीटर जाडीच्या पॉलिएस्टरवर असते. आज कोट केलेला माल कापून, कोपऱ्यात ओळखीची खाच पाडून, डब्यात जाईपर्यंत अनेक हातांतून जातो, आणि प्रत्येक हात अंधारात काम करत असतो.

जिलेटिनही जनावराच्या हाडा-कातड्यापासून येतं, म्हणजे शेतमालासारखंच, दरवेळी थोडं वेगळं. कोडॅकलाही याचा फटका बसलेला आहे. एका जिलेटिनची फिल्म वेगवान (कमी प्रकाशात भागणारी) व्हायची, दुसऱ्याची मंद, आणि कारण कळत नव्हतं. १९२५ मध्ये त्यांच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी दाखवून दिलं की जिलेटिनमधल्या गंधकयुक्त संयुगांच्या अंशामुळे फिल्मचा वेग वाढतो, आणि ही संयुगं मोहरीच्या तेलातल्या द्रव्याच्या नात्यातली आहेत. जनावराने काय खाल्लं ते निगेटिव्हवर उतरतं! कापसाचा आणि दुधाचा धंदा जवळून पाहिलेल्या आपल्या लोकांना हे चटकन पटतं. मोठा कारखाना दहा खेपा तपासून, मिसळून फरक बुजवू शकतो, लहान्याला मिळेल त्या जिलेटिनवर भागवावं लागतं.

निगेटिव्हवर, विशेषतः आभाळात, पारदर्शक ठिपके दिसतात. पिनहोल ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर डोळ्यांनी शोधायचं आहे.

निगेटिव्हवरचा पारदर्शक ठिपका प्रिंटवर काळा उमटतो. तो निरनिराळ्या वाटांनी येतो. एक, इमल्शनच तिथे बसलेलं नाही, म्हणजे कारखान्याचं पिनहोल. दोन, फोटो घेताना फिल्मवर धुळीचा कण होता आणि त्याची सावली पडली. तीन, डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या औषधात) घालताना फिल्मला हवेचा बुडबुडा चिकटला आणि तिथे औषध पोचलंच नाही. चौथी वाट आता क्वचित दिसते: सोड्याच्या जोरकस डेव्हलपरमधून फिल्म थेट कडक अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या स्टॉप बाथमध्ये टाकली की थरातच वायू सुटतो आणि इमल्शनला बारीक भोक पडतं. मऊ इमल्शनच्या फिल्मला मी डेव्हलपरचं काम थांबवायला स्टॉप बाथऐवजी साधं पाणी वापरते.

ओळखायचं असं. निगेटिव्ह पूर्ण वाळू द्या. ट्यूबलाइटखाली इमल्शनची, म्हणजे मंद दिसणारी बाजू वर करून धरा आणि इतकी तिरपी करा की प्रकाश पृष्ठभागावरून घासत जाईल. आता दहापट भिंग लावा. खरं पिनहोल असेल तर बारीकसा खड्डा दिसतो, त्याची कड चमकते, शेतात उंदराचं बीळ दिसावं तशी. धुळीची सावली असेल तर पृष्ठभाग सलग असतो, मागून उजेड धरला की ठिपका दिसतो आणि तिरप्या उजेडात नाहीसा होतो. हाच खरा निकाल. बुडबुड्याचा ठिपका बहुधा मोठा, गोल, मऊ कडेचा असतो आणि मध्ये थोडी करडी छटा उरलेली असते.

आकारही बोलतो. वाकडातिकडा, धाग्यासारखा ठिपका कारखान्याचा नव्हे. कारखान्याचा ठिपका टाचणीने टोचल्यासारखा असतो, कधी त्याला धूमकेतूसारखी शेपटी असते. शेपूट असेल तर ती सगळ्या शीटवर एकाच दिशेला असते, कारण कोटिंगची पट्टी त्याच दिशेने धावली होती.

तुमच्या बाबतीत कुणाची चूक निघाली होती?

कारखान्याची आणि माझी, दोघांचीही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या गावी कडुनिंबाला झोका बांधला होता, माहेरी आलेल्या मुली आणि त्यांच्यामध्ये आमची आजी. मी चार शीट खर्च केली. फिल्म एका लहान कारखान्याची, नवा डबा. चारपैकी तीन निगेटिव्हच्या आभाळात ठिपकेच ठिपके. मी दोन रात्री झोपले नाही, कारण आजी झोक्यावर पुन्हा बसेल याची खात्री नव्हती.

मग भिंग घेऊन एकेक ठिपका मोजला. एका शीटवर एकतीस निघाले. बावीस ठिकाणी खड्डा होता, ते कारखान्याचे. उरलेले नऊ सलग पृष्ठभागावरचे, आणि त्यातले बरेचसे तंतूच्या आकाराचे. आमच्या घरापासून जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, जवळ आहे. होल्डर (शीट कॅमेऱ्यात बसवायची चपटी पेटी) भरताना खिडकी बंद होती, पण होल्डर ठेवायची पिशवी दिवसभर अंगणात होती. कापसाची बारीक लव डार्क स्लाइडच्या, म्हणजे होल्डरच्या सरकत्या झाकणाच्या, फटीतल्या मखमलीवर जाऊन बसली होती, आणि स्लाइड ओढताना दर वेळी थोडी फिल्मवर पडत होती.

तेव्हापासून होल्डर झिपच्या प्लास्टिक पिशवीत, एका पिशवीत एकच. भरण्याआधी रंगाच्या मऊ ब्रशने आतून झाडायचे, आणि खोलीत आधी पाण्याचा फवारा मारून दहा मिनिटं धूळ खाली बसू द्यायची. जिनिंगच्या हंगामात हे दुप्पट काळजीने.

फिल्मवर पट्टे किंवा ढगाळ डाग दिसतात. कोटिंगचे की माझ्या धुण्याचे?

नव्या डब्यातली चार शीट बळी द्यायची. पंचवीसच्या डब्यातली चार म्हणजे जीव तुटतो, पण यापेक्षा सरळ मार्ग मला सापडलेला नाही.

पहिलं शीट प्रकाश न दाखवता थेट फिक्सरमध्ये, म्हणजे उरलेले चांदीचे क्षार काढून टाकणाऱ्या औषधात. ते काचेसारखं स्वच्छ व्हायला हवं. बेसवरचे ओरखडे, आत अडकलेला कचरा असेल तर इथे उघडा पडतो. दुसरं प्रकाश न दाखवता पूर्ण डेव्हलप करायचं. त्यावर नुसती हलकी, सगळीकडे सारखी राखाडी छटा यावी. तिसऱ्या आणि चौथ्यावर एकाच साध्या भिंतीचा फोटो घ्यायचा: सावलीतली, सारख्या उजेडाची भिंत, लेन्स मुद्दाम फोकसबाहेर, मीटर सांगेल तेवढाच प्रकाश. आता ही दोन्ही धुताना एक ट्रेमध्ये उभं आणि दुसरं आडवं ठेवायचं, बाकी सगळं सारखं.

पट्टा दोन्ही शीटवर खाचेच्या हिशोबाने एकाच बाजूने गेला असेल तर तो फिल्मचा. फिल्म आडवी केल्यावर पट्टा मात्र ट्रेच्याच दिशेने राहिला असेल तर तो तुमच्या हलवण्याचा. ही चाचणी ज्यांच्याकडून करून घेतली त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या बाबतीत दोष ट्रे हलवण्याचाच निघाला: औषध कमी घातलेलं, किंवा हात एकाच बाजूला उचलायची सवय. औषध फिल्मच्या वर दोन बोटं तरी हवं.

कडा काळ्या येतात.

डब्यातल्या शीटचा क्रम लिहून ठेवत असाल तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं. वरच्या शीटवर काळी कड जास्त आणि खाली कमी होत गेली असेल तर डब्यात किंवा काळ्या पिशवीत उजेड शिरला. सगळ्यांवर अगदी सारखी असेल तर कापताना किंवा भरताना कारखान्यात काहीतरी झालंय. आणि एखाद्याच होल्डरच्या शीटवर येत असेल तर तो होल्डरच गळतो आहे.

यासाठी होल्डरला खूण हवी. काकांची युक्ती: होल्डरच्या खालच्या झडपेची कड, जी फिल्मच्या काठावर बसते, तिला कानसीने बारीक खाचा पाडायच्या. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. निगेटिव्हच्या काठावर त्या आपोआप उमटतात आणि वर्षभरानेही सांगता येतं की हे शीट कुठल्या होल्डरचं.

निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा आल्या. हाई काय शे भो?

वीज. खरोखरीची, अगदी बारीक. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हवा कोरडी होते, तेव्हा फिल्म कागदावरून किंवा दुसऱ्या शीटवरून झटक्यात ओढली की ठिणगी उडते. फिल्म हळू उचला, नायलॉनचा स्वेटर घालून होल्डर भरू नका. डबा कधीच न उघडता खालच्या शीटवरही तसं निघालं तरच कारखान्याकडे बोट दाखवायचं.

उन्हाळ्यात धुताना इमल्शन सुटलं, कडेने सालपट निघालं. फिल्म बाद ना?

याचं उत्तर थोडं मोठं आहे, कारण आपला सगळा झगडा इथेच आहे.

लहान कारखान्यांच्या कित्येक फिल्मचं इमल्शन मऊ असतं. जिलेटिन कडक करायची प्रक्रिया ते जुन्या पद्धतीने, हलक्या हाताने करतात. वीस अंशांच्या पाण्यात धुणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. त्या पाण्यात जिलेटिन फुगतं, कडेपासून सुटतं, नखाचा स्पर्शही खरवडून काढतो. हा फिल्मचा दोष म्हणावा का? मी म्हणत नाही. ती ज्या हवेसाठी बनली तिथे ती बरी वागते. इथे तिला सांभाळून घेण्याची जबाबदारी आपली.

मी उन्हाळ्यात रात्री दोननंतरच फिल्म धुते. पाणी आदल्या संध्याकाळी माठात भरून ठेवते. आपली हवा कोरडी असल्यामुळे माठ चांगला गार होतो, आणि त्याचा उपयोग दमट मुंबईपेक्षा आपल्याला जास्त. तरीही कमी पडलं तर बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी ट्रेखालच्या परातीत ठेवायची. बर्फ औषधात कधीच टाकू नका, औषध पातळ होतं.

२० अंशांना दहा मिनिटं लागणारी फिल्म २४ अंशांना साधारण सात मिनिटांत होते. त्यापुढे वेळ इतकी आखडते की पाच मिनिटांच्या आत आली तर फिल्म एकसारखी डेव्हलप होत नाही. तसं होत असेल तर डेव्हलपर पातळ घ्या.

लोक एक गोष्ट विसरतात. डेव्हलपर २४ ला आणला, फिक्सरही आणला, आणि शेवटी धुवायला सरळ नळ सोडला. ३५ अंशांच्या पाण्याचा तो एकदम धक्का बसला की जिलेटिनला सुरकुत्यांची जाळी पडते, कोरड्या तळ्याच्या चिखलासारखी. ती परत जात नाही. पहिल्या पाण्यापासून शेवटच्या पाण्यापर्यंत फरक दोन अंशांच्या आत ठेवा. वाहत्या नळाऐवजी माठाचंच पाणी बदलत बदलत धुतलं तरी चालतं.

तुरटीबद्दल बरेच जण विचारतात. बरोबर आहे, हार्डनर (जिलेटिन कडक करणारं द्रव्य) असलेल्या जुन्या फिक्सरमध्ये तुरटीच असते. पण नुसता तुरटीचा खडा हायपोत (साध्या फिक्सरमध्ये) फिरवू नका. सोबत योग्य प्रमाणात सल्फाइट आणि अ‍ॅसिड नसेल तर हायपो फुटतो आणि पांढुरका गंधकाचा गाळ फिल्मवर बसतो. हार्डनर असलेला तयार फिक्सर घ्या आणि मग धुण्याचा वेळ वाढवा. गरम देशांसाठीच्या जुन्या पद्धतीत डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालतात, त्याने जिलेटिन कमी फुगतं. नाव नीट वाचून आणा, सल्फेट आणि सल्फाइट या वेगळ्या वस्तू आहेत.

शेवटचं म्हणजे घाम. बंद खोलीत कपाळावरचा एक थेंब शीटवर पडला की तिथे कायमचा गोल डाग. डोक्याला रुमाल बांधा.

भिजवलेलं पाणी निळं-हिरवं निघालं. फिल्म कुजली का?

नाही. उजेड बेसवरून परत उसळू नये म्हणून दिलेला रंग तो. ओतून द्या.

खाच नाही किंवा चुकीच्या जागी आहे. इमल्शनची बाजू कशी कळणार?

नेहमीचा नियम: शीट उभं धरा, खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन तुमच्याकडे. लहान कारखान्यांकडून, विशेषतः रोल कापून देणाऱ्यांकडून, बिनखाचेचं शीट आलेलं मी पाहिलं आहे. अशा वेळी एक शीट उजेडात काढून, डब्यात इमल्शन कुठल्या बाजूला होतं ते पाहून ठेवायचं आणि बाकीची त्याच हिशोबाने भरायची. अंधारात शंका आली तर ओलसर ओठ अगदी कोपऱ्याला टेकवा, इमल्शन चिकटतं, बेस चिकटत नाही. उलटी भरलेली फिल्म फारच कमी प्रकाश घेते आणि चित्रही आरशासारखं उलट येतं. तो दोष कारखान्याचा समजून तक्रार करणारे भेटले आहेत.

फिल्म होल्डरमध्ये जातच नाही, किंवा सैल बसते.

आधी डब्यावरचं माप वाचा. युरोपातले कारखाने सेंटिमीटरची मापंही विकतात. ९×१२ सेंटिमीटरची फिल्म ४×५ इंचांच्या होल्डरमध्ये लुडबुडते, आणि १३×१८ सेंटिमीटरची ५×७ इंचांत शिरत नाही, थोडीशी मोठी पडते. माप बरोबर असून अडकत असेल तर कापणी चुकली आहे, तक्रार करा. तशी फिल्म अंधारात कात्रीने कापून वापरता येते, पण कड सरळ राहत नाही आणि बारीक कचरा होल्डरमध्ये पडतो.

माझ्यासारख्या हाफ प्लेटवाल्यांसाठी: इलफर्ड वर्षातून एकदा अशा जुन्या मापांची मागणी नोंदवून घेते आणि तेवढीच फिल्म कापून देते. महाग आहे, पण मापाची खात्री असते.

डब्यावर वेग ४०० लिहिलाय, निगेटिव्ह मात्र पातळ येतात.

लहान कारखान्यांचा डब्यावरचा आकडा उदार असतो असं समजा. ४०० ची फिल्म मी २०० धरून वापरते, २०० ची १०० धरून, म्हणजे दुप्पट प्रकाश देते. नेहमीच्या डेव्हलपरमध्ये सावल्यांतला तपशील तेव्हाच येतो.

लांब एक्स्पोजरला तर आणखी मोठा फरक पडतो. फोमापॅन १०० चं कारखान्याचंच कोष्टक सांगतं: मीटरने १ सेकंद दाखवला तर २ द्या, १० दाखवले तर ८०, आणि १०० दाखवले तर १६००, म्हणजे जवळजवळ सत्तावीस मिनिटं. पाटणादेवीजवळच्या जुन्या महादेव मंदिरात, खांबांच्या मागे, मीटर सहज दहा सेकंद दाखवतं. तिथून कोरी निगेटिव्ह घेऊन परतलेला माणूस फिल्मला दोष देतो, पण ते कोष्टक कारखान्याने छापूनच दिलेलं असतं.

त्यापेक्षा दवाखान्याची एक्स-रे फिल्म का नको? स्वस्त आहे.

शिकण्यासाठी उत्तम, मी नव्या मुलांना तीच देते. लाल दिव्यात हाताळता येते, त्यामुळे डेव्हलप होताना डोळ्यांनी दिसतं. पण तिच्या दोन्ही बाजूंना इमल्शन असतं आणि ते फार नाजूक. ट्रेच्या तळाशी काच ठेवा, एका वेळी एकच शीट धुवा. लाल रंग तिला दिसत नाही, म्हणून कुंकू काळं येतं आणि ओठ गडद. पोर्ट्रेटसाठी हे कुणाला आवडतं, कुणाला नाही. मला म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर आवडतं, सुरकुत्या बोलतात.

एक मात्र पाहून घ्या. आता बहुतेक दवाखान्यांत डिजिटल यंत्रं आली आहेत आणि त्यांच्या प्रिंटरला 'ड्राय' फिल्म लागते. ती कॅमेऱ्यात चालत नाही. डेव्हलपरमध्ये धुवायची जुनी ओली फिल्मच मागा.

डबा फ्रीजमध्ये ठेवू का?

हो, आल्या दिवसापासून. फॉगचं, म्हणजे फिल्मवर आपोआप चढणाऱ्या राखाडी छटेचं, एक मोठं कारण म्हणजे मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात तापलेलं पार्सल. मी मोठी मागणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करते. फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका, जुलै-ऑगस्टमध्ये तर नाहीच. गार फिल्मवर दव धरतं आणि शीट एकमेकांना चिकटतात. रात्री बाहेर काढा, सकाळी उघडा.

वाळल्यावर पांढरट डाग राहतात.

बोअरचं जड पाणी. शेवटचं बुचकळणं बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणूनचं औषध) दोन-चार थेंब. बोटाने पुसू नका.

तक्रार कशी करायची? लहान कारखाना दाद देतो का?

माझा अनुभव चांगला आहे. लहान ठिकाणी तुमचं पत्र बहुधा मशीन चालवणाऱ्याच्याच हाती पडतं. पण "फिल्म बेकार आहे" एवढ्यावर कुणीच काही करू शकत नाही. डब्यावरचा इमल्शन किंवा बॅच नंबर आणि मुदत कळवा. दोषी शीट डब्यात कितवं होतं, कुठला डेव्हलपर, किती अंश, किती मिनिटं, हे लिहा. वर सांगितलेल्या चार शीटचे फोटो लाइट बॉक्सवर आणि तिरप्या उजेडात, दोन्ही तऱ्हेने काढून पाठवा. स्कॅन करून पॉझिटिव्ह केलेलं चित्र एकटंच पाठवू नका, त्यावरून काही ठरवता येत नाही. उरलेली शीट डब्यातच ठेवा, ते परत मागू शकतात.

मिळाली तर नवी फिल्म मिळते. गाडीभाडं, तुमचा दिवस, हुकलेला प्रसंग याची भरपाई कुणीही देत नाही, आणि बहुतेक कंपन्या तसं डब्यावरच छापतात.

मग लग्नकार्याला, म्हाताऱ्या माणसांच्या फोटोला कुठली फिल्म घ्यावी?

जे पुन्हा घडणार नाही त्याला मोठ्या कंपनीची फिल्म, तीही चाचणी केलेल्या बॅचची, आणि प्रत्येक चित्राची दोन शीट. आखाजीच्या त्या दिवशी मी हे केलं नव्हतं.

लहान कारखान्याची फिल्म मी पुन्हा मांडता येईल अशा गोष्टींसाठी वापरते. चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस यांचं घर जरूर पाहून या. हा माणूस (१९१२ ते १९८९) वर्षानुवर्षं त्या घराबाहेर जवळजवळ पडला नाही आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून त्याने छायाचित्रं केली. टेबलावरची मांडणी दुसऱ्या दिवशीही तिथेच असते. एखाद्या शीटवर पट्टा आला तर दिवा लावून पुन्हा एक घ्यायचं. आणि एक साधी गोष्ट: केळीच्या बागेत, दगडी भिंतीवर, झाडोऱ्यात पिनहोल लपतं. मोकळं आभाळ आणि चुना दिलेली भिंत यांच्यावर ते लपत नाही. संशयाचा डबा असेल तर चौकटीत आभाळ कमी घ्या.

ठिपके आलेली निगेटिव्ह वाचवता येते का?

येते, चिकाटी हवी. निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवायची आणि सगळ्यात बारीक कुंचल्याने, जवळजवळ कोरड्या हाताने, भोकात रिटचिंगचा रंग भरायचा. एका वेळी टिंबभरच, वाळू द्यायचं, पुन्हा. भोवतीच्या छटेइतका जमला तर प्रिंटवर काही दिसतच नाही. थोडा जास्त झाला तर प्रिंटवर पांढरा ठिपका येतो, आणि तो बरा, कारण पांढऱ्यावर स्पॉटिंगचा रंग लावून बुजवता येतो. काळा ठिपका प्रिंटवरून खरवडून काढावा लागतो आणि कागदाची चकाकी जाते.

झोक्याच्या निगेटिव्हवरचे एकतिसांपैकी तीस ठिपके मी असेच भरले. रोज संध्याकाळी चार-पाच, डोळे शिणले की थांबायचं. आजीच्या पदराजवळ एक राहिला आहे. तिथे पदरावर बारीक बुट्टी आहे, त्यात तो मिसळून गेला म्हणून तसाच ठेवला.